बघायला येणारी माणसं

परवा एका सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर काळ्या काड्या दिसल्या आणि कळलं, ऊस सुरू झाला. कुठंतरी कुणीतरी फड पेटवतो आणि त्या जळक्या पानांची काजळी वाऱ्यावर तरंगत शहरात येते. ती बरोबर धुतलेल्या पांढऱ्या कापडावरच बसते. झटकली तर पसरते, फुंकली तर चिकटते. बिद्रीच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आता दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून धावतील, चढाला एखादा अडकेल, मागं गाड्यांची रांग लागेल आणि त्या रांगेतली माणसं निवांत उतरून ट्रेलरमधला ऊस ओढून खातील. मी नुसती बघत बसेन. डावीकडची माझी दाढ नाही. नसलेल्या दाढेच्या जागी जीभ जाते आणि मला ते वर्ष आठवतं.

चादर खाली आणून पुन्हा भिजवली, तोवर फोन वाजला. वन्सं. म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण.

"ऐकलीस का? रविवारी मलकापूरला जायाचं हाय. आमच्या जाऊबाईंच्या आईला कॅन्सर झालाय न्हवं पोटाचा, बघून येऊया. गाडी केलीया. सकाळी निघायचं, बघायचं, मग तसंच म्होरं आंबा घाटात जाऊया म्हणत्यात पोरं, जेवूनच येऊ. एक शीट शिल्लक हाय. येतीस का?"

कॅन्सर बघायचा, घाट बघायचा, जेवायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला आणि चादर अशी काही पिळली की तिच्या जागी कोण होतं ते विचारू नका.

बघायला जाणं हा आमच्याकडचा मोठा सण आहे. आमची माणसं मुलगी बघायला जातात, जागा बघायला जातात, म्हैस बघायला जातात आणि त्याच उत्साहानं आजारी माणूस बघायला जातात. पहिल्या तिन्हींत निदान काही ठरवायचं असतं. चौथ्यात फक्त बघून यायचं असतं, आणि परत आल्यावर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगायचं असतं. "लई वाळलाय. वळखूच यीना झालाय." हे सांगताना आवाजात जी गोडी येते ती गुऱ्हाळावरच्या गरम गुळालाही नसते.

त्या वर्षी आमच्या घरी हा सण ऊस सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चालला. ह्यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. हे उद्यमनगरात लेथवर काम करायचे. लोखंडात एका केसाचा फरक त्यांच्या बोटाला कळायचा, पण गालातली गाठ कळली नाही, कारण तिथं कायम तंबाखूची गोळी असायची. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला. दिवाळीनंतर शेक सुरू झाले. आमच्याकडं रेडिएशनला शेकच म्हणतात. सर्दीला देतात तसा घरगुती शब्द. त्या शेकांनी घसा आतून सोलून निघाला. गिळता येईना, बोलता येईना. नाकातून पोटात नळी घातली. ठरावीक वेळानं त्या नळीतून नाचणीची पातळ पेज, डाळीचं पाणी, दूध सोडायचं. आधी साधं पाणी, नंतर साधं पाणी, सगळं दोनदा गाळून. घाईनं सोडलं तर उलटी, उलटी श्वासात गेली तर संपलं. म्हणून त्यांना एकटं सोडायचं नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. अंगातली ताकद कमी झालीय, गर्दी नको.

गर्दी नको! हे कोल्हापुरात सांगायचं? ज्या गावात दोन म्हशी भांडायला लागल्या तरी चौक भरतो, तिथं?

लोक येत राहिले. शहाळी घेऊन आले, सफरचंदं घेऊन आले. एकानं तर भडंगाची पिशवी आणली. तोंड उघडत नाही अशा माणसाला भडंग! ह्यांच्या उशाशी पिशवी ठेवून वर म्हणाला, "कुरकुरीत हाय, आजच केलंय." मग बसायचं. आधी पेशंटकडं बघून मान हलवायची, मग छताकडं बघायचं, मग मला विचारायचं, "डॉक्टर काय म्हणत्यात?" मी सांगायचं. सांगून संपलं की दुसरा यायचा, पुन्हा पहिल्यापासून. "चहा नगं, चहा नगं" म्हणत चहा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. कप धुता धुता नळीची वेळ व्हायची.

आणि उपदेश. गव्हांकुराचा रस द्या. गोमूत्र द्या. अमुक गावात एक बाबा झाडपाला देतो, आमच्या शेजाऱ्याच्या मेव्हण्याची गाठ विरघळली. तो मेव्हणा आता कसा आहे विचारलं की गप्प. मोबाइलवर रोज सकाळी सूर्य उगवतानाचं चित्र, खाली लिहिलेलं, मनानं हरू नका. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पहाटे बिछान्याची चादर बदलताना मला मन आहे की नाही हेच आठवायचं नाही.

सगळ्यात कमाल पायरीवर व्हायची. आत डोळे पुसून आलेले चुलत दीर, मित्र, शेजारी बाहेर दारातल्या पायरीवर टेकायचे आणि तळहातावर तंबाखू मळायला लागायचे. "लई वंगाळ झालं गा. हसतखेळत मानूस. चुना हाय का रं?" चुन्याची डबी या हातातून त्या हातात जायची. खिडकी पायरीवरच होती. आत हे पडल्या पडल्या तो वास घ्यायचे आणि डोळे मिटायचे. मी एकदा बाहेर जाऊन म्हटलं, "इथं नको." सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच कुणाच्या तरी मयतीत हसले.

त्याच सुमाराला माझी दाढ दुखायला लागली.

आधी नुसती ठणकायची. मग गार पाणी लागेना, मग गरम लागेना. पण बोलायचं कुणाजवळ? ज्या घरात तोंडाचा कॅन्सर आहे त्या घरात दात दुखतो म्हणायची चोरी. हे तोंडातून थेंबभर पाणी घेऊ शकत नाहीत आणि मी म्हणू, माझी दाढ दुखते? लवंग दाबायची आणि कामाला लागायचं. एक दिवस औषधं आणायला राजारामपुरीत गेले तेव्हा पाच मिनिटं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं डोकावले. पोरगीच होती. म्हणाली, "काकू, दाढ वाचंल. पण दोन-तीनदा यायला लागेल, जरा वेळ काढून. उशीर करू नका."

वेळ काढून. जणू वेळ फडताळात असतो आणि मी काढत नव्हते.

मला एक दुपार हवी होती. नळीच्या दोन वेळांच्या मधली. कुणीतरी ह्यांच्याजवळ बसावं आणि मी राजारामपुरीत जाऊन यावं, एवढंच. लेक आली असती, पण तिचेच दिवस भरले होते. तिला बाळंतपणाला माहेरी आणायची ती सोलापूरला सासरीच राहिली. रोज फोनवर रडायची आणि मी तिला रडू नको म्हणायचे. मग राहिले कोण? राहिले ते, जे रोज दारातून बाहेर पडताना एकच वाक्य बोलत होते. "वैनी, कायबी लागलं तर हाक मारा की. परकं समजू नगासा."

म्हणून मी हाक मारली. धाकट्या दिरांना म्हटलं, "भाऊजी, बुधवारी दुपारी येऊन बसाल का थोडा वेळ? मला दाताच्या दवाखान्यात जायचंय."

"बुधवारी व्हय?" भाऊजींनी डोकं खाजवलं. "बुधवारी ऊसतोडीची टोळी यायची हाय वो आमच्या फडात. तोड आली म्हंजी मानूस बांधावर पायजे की. बुधवार सोडून कायबी सांगा."

गुरुवार सांगितला. गुरुवारी ट्रॅक्टर यायचा होता. शुक्रवारी उसाचं वजन होतं. वन्सं म्हणाल्या, "मी येतो की बसाय, त्यात काय!" आणि खरंच आल्या, येताना चौघी बायका घेऊन. चौघींना पेशंट बघायचा होता. मी दवाखान्यात जाण्याऐवजी भजी तळली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं तर नुसतं नकटीचं तोंड दाखवायचं होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढायला पुन्हा मीच.

आता पांढऱ्या रश्श्याचं सांगते, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की मी उगाच जिभेला धार लावतेय.

एका रविवारी भाऊजी घरी आले, हातात डबा. "वैनी, आज मी बसतो. तुमी जावा, डोक्यावरनं अंघोळ करा निवांत." मला भरून आलं. किती आठवड्यांत डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. मी बंब पेटवला, केस सोडले, शिकेकाई लावली आणि न्हाणीत चक्क गुणगुणले. बाहेर आले तर खोलीत खसखशीचा, नारळाच्या दुधाचा, मटणाचा वास. भाऊजींनी डब्यातून पांढरा रस्सा आणला होता. नळीत सोडला होता.

"गाळलाय की फडक्यातनं," ते म्हणाले. "पेज पाजून पाजून मानसाची रया गेलीया. रश्श्यानं ताकद येतीया. दादानं मान हलवली, इचारा पायजे तर."

ह्यांनी मान हलवली होती, हे खरं. त्या वासानं त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकत होते. जन्मभर दर रविवारी वाटीला तोंड लावून रस्सा प्यालेला माणूस; त्याला कुणी विचारलं तर तो मानच हलवणार. पण खसखस, तीळ आणि सुकं खोबरं नळीत अडकून बसलं होतं. साधं पाणी पुढं जाईना. नळी बदलायला दवाखान्यात न्यावं लागलं. भाजलेल्या घशातून जुनी नळी ओढून काढली, नवी घातली. ह्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली. तिकडं भाऊजी बाहेर बाकावर बसून कुणाला तरी फोनवर सांगत होते, "पेशंटला सोसंना गड्या. रस्साबी सोसंना."

त्या दिवसापासून मी कुणालाही एकटं बसू देईना. प्रेम असलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

दाढ मात्र थांबली नव्हती. गाल सुजला. येणारे तो गाल बघायचे आणि म्हणायचे, "तुमची तब्येत सुधारली जरा." देवाशप्पथ, हे तिघा-चौघांनी म्हटलं.

आमच्या समोर सावक्का राहतात. लिंगायत, मूळच्या निपाणीकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गटारीच्या पाण्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळं बोलणं बंद. पूर्ण हंगामात त्या बघायला आल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची मनातून आभारी होते. एका दुपारी दारात उभी राहून मी गाल दाबून धरला होता, तर त्या रस्ता ओलांडून सरळ आत आल्या. हातात सूप, सुपात तांदूळ.

"तंगी, दात व्हय?" धाकट्या बहिणीला त्यांच्यात तंगी म्हणतात. भांडताना त्या मला दुसरंच काहीतरी म्हणाल्या होत्या.

मी मान हलवली.

"मी बसतो. काय करायचं ह्यांचं?"

"काहीही करायचं नाही," मी म्हटलं. "काहीही पाजायचं नाही, काहीही द्यायचं नाही. खोकले, कसंतरी झालं, तर मला फोन करायचा. बाकी नुसतं बसायचं."

"त्ये मला जमतं," सावक्का म्हणाल्या. खुर्ची ओढली, सूप मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी तशीच उभी. त्यांनी वर न बघता म्हटलं, "चप्पल घाल."

मी चप्पल घातली. गल्लीच्या कोपऱ्यावर येईपर्यंत मला धड चालता येईना. हातात धरायला वाटी नव्हती, फडकं नव्हतं. रिक्षा केली, राजारामपुरीत उतरले, दवाखान्यात नंबर लावला आणि बाकावर बसले. भिंत गार होती. पंखा मंद फिरत होता. बाहेर क्लासच्या पोरापोरींचा गोंगाट, दुचाक्यांचे हॉर्न, आणि त्या सगळ्यातलं काहीही माझं नव्हतं. माझं नाव पुकारलं म्हणे. दोनदा पुकारलं म्हणे. मी तोंड उघडं टाकून झोपले होते. दवाखान्यातल्या बाईंनी हलवलं तेव्हा पुढचे सगळे नंबर होऊन गेले होते आणि नळीची वेळ झाली होती.

तशीच परतले. दाढ ठणकत होती आणि मी रिक्षात एकटीच हसत होते. जगात मला त्याहून काही नको होतं. हे जागे होते, सावक्का तांदूळच निवडत होत्या, दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलले नसावेत. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झोपले." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं केलं. दात काय, उद्याबी दुखंल."

पण ती उद्याची दुपार आली नाही. ह्यांना ताप भरला. कुणाच्या खोकल्याचा प्रसाद होता ते देवालाच ठाऊक, खोकणारे पुष्कळ येऊन गेले होते. दवाखान्यात शेवटचे काही दिवस ते हातानं एकच खूण करायचे. ओंजळ ओठांशी. पाणी. नळीतून नव्हे, तोंडानं. एक घोट. डॉक्टर नको म्हणायचे. मी ओला कापूस ओठांवर फिरवायचे आणि ते माझ्याकडं रागानं बघायचे. तो राग मी अजून जपून ठेवलाय, कारण त्यांच्याजवळ शेवटी तेवढंच उरलं होतं. कारखान्यांचा हंगाम संपत आला, रस्त्यावरचे ट्रॅक्टर विरळ झाले आणि हे गेले.

आणि मग काय सांगू, घर भरलं. माणसांना बसायला इतका वेळ निघाला! फड मोकळे झाले होते. सतरंज्या टाकल्या, मांडव घातला. कुणी पाणी भरतंय, कुणी भांडी घासतंय, पिठलं-भाकरीच्या बुट्ट्या चारी दिशांनी येतायत. मला कुणी एकटं सोडेना. दोघी उशाशी, दोघी पायथ्याशी. जिवंत माणसाजवळ बसायला एक मिळत नव्हतं, त्याच्या फोटोजवळ तीस बसली होती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाची तयारी चालली होती. आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं सगळं नैवेद्याला ठेवतात. भजी झाली, चहा झाला, पांढरा रस्साही वाटीत भरला. मग भाऊजींनी खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली आणि नैवेद्याच्या पानावर ठेवली. "दादाला लई आवडत हुती," ते म्हणाले आणि त्यांचा गळा दाटून आला. खरंच दाटून आला. ढोंग असतं तर सोपं गेलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोंडाच्या कॅन्सरनं मेलेल्या माणसाच्या पानावर तंबाखू, आणि एकालाही त्यात काही वावगं दिसेना.

मी उठले. पुडी उचलली, डबी उचलली आणि दारातून गटारीत टाकली. सावक्कांच्या दारासमोरच्या त्याच गटारीत.

"वैनी, त्याची इच्छा राहील की!" भाऊजी ओरडले.

"त्यांची इच्छा मला माहीत आहे," मी म्हटलं. माठातलं पाणी पेल्यात भरलं आणि पानावर ठेवलं. "घेऊन जा. सांडू नका."

त्याच दुपारी मी चप्पल घातली. दारातल्या बायका बघत राहिल्या. "दिवस झालं न्हाईत अजून आन् ही कुठं निघाली?" वन्सं म्हणाल्या. मी सांगितलं, दात काढायला. पाठीमागं काय काय बोललं गेलं ते नंतर मला सगळं कळलं. सांगणारेही बघायलाच येत होते. राजारामपुरीतल्या त्या पोरीनं दाढ काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि हळहळली. "काकू, आधी आला असतात तर वाचली असती." माझ्या तोंडात कापूस होता. बरं झालं. नाहीतर त्या गरीब पोरीला सगळ्यांच्या वाटणीचं ऐकावं लागलं असतं.

चादर पुन्हा वाळत घातली, या वेळी घरात, दोरीवर. वन्संना फोन करून सांगितलं, मी येत नाही, शीट दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "मानूसकी म्हनून तरी ये की." मी म्हटलं, बघते.

आणि रविवारच्या आधीच, मधल्या वारी, दुपारची एसटी धरून एकटीच मलकापूरला गेले. वाटेत गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. हातात शहाळं नव्हतं, सफरचंद नव्हतं. पिशवीत निवडायला घेतलेले तांदूळ होते. घर सापडलं. दार उघडलं ते म्हातारीच्या सुनेनं, रेश्मा तिचं नाव. तिशीचीही नसेल. केस कसेतरी बांधलेले, पदराला औषधाचा डाग. मी ओळख सांगितली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. आणखी एक आली बघायला.

"या, बसा," ती म्हणाली. "चहा टाकतो."

"चहा नको. तुझ्या सासूबाईंना आता काय द्यायचंय?"

"काय न्हाई. आता पाचलाच औषध."

"मग मी बसते. तू चप्पल घाल."

तिला कळेना. दारात उभी राहून ती माझ्याकडं बघतच राहिली. "कुठं जाऊ?" तिनं विचारलं. इतके दिवस तिला हे कुणी विचारू दिलं नसावं.

आतल्या खाटेवरून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "जा की गं! मी काय पळून जातोय व्हय?"

रेश्मानं चप्पल घातली. आधी एक पायरी उतरली, मागं वळून बघितलं, मग दुसरी. मी म्हातारीला विचारून सूप घेतलं, तांदूळ ओतले आणि खुर्ची ओढली. खिडकीतून गल्ली दिसत होती. कोपऱ्यापर्यंत ती हळू चालत गेली. कोपऱ्यावर गेल्यावर तिनं साडी जरा वर धरली आणि ती पळत सुटली. कुठं, ते मी तिला परत आल्यावरही विचारलं नाही.